रिव्हॉल्व्हरचं घर

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आमची आई म्हणायची. आई गेली आणि हा ग्रह वारसाहक्कानं माझ्या राशीला आला. माझी धाकटी बहीण अर्चना आणि तिचा नवरा सूर्यकांतराव २००४ साली, ऐन जुलैत, साताऱ्याहून आमच्याकडे शारजाला आले. त्या वर्षी अधिक श्रावण होता. अधिकात जावयाला वाण द्यायचं, आणि आई-वडील नाहीत म्हटल्यावर ते मीच द्यायचं. म्हणून पहिल्याच दिवशी जेवताना माझ्या नवऱ्यानं, अनिलनं, मोठ्या कौतुकानं विचारलं, "काय हवं वाणात? अजिबात संकोच करू नका."

"घर," सूर्यकांतराव म्हणाले.

अनिलचा घास हातातच राहिला. आम्हीच शारजात भाड्यानं राहतो, दुबईत परवडत नाही म्हणून. मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस पुण्यात फ्लॅट मागणार.

तर हे गृहस्थ गदागदा हसले, पँटच्या खिशातून एक काळं रिव्हॉल्व्हर काढलं आणि वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवलं. "याला हो! चष्म्याला घर असतं ना, तसं. खिशात बसेल असं."

अर्चना पाणी आणायला उठली. पाण्याचा जग समोरच भरलेला होता.

ते लाकडाचं होतं म्हणे. सुताराकडून मापाबरहुकूम करून, रंग देऊन आणलेलं. खरं, पाच गोळ्यांचं, परवान्याचं, साताऱ्याला कपाटात कुलूपबंद होतं. पण मला शिसारी आली ती आलीच. अन्नाशेजारी! "उचला आधी ते," मी म्हटलं.

"आणि घराबाहेर खिशातून काढू नका," अनिल म्हणाला. "लाकूड की लोखंड, इथे कुणी विचारत बसणार नाही. आपण सगळेच खलास."

"साडूभाऊ फार घाबरतात बुवा," सूर्यकांतराव म्हणाले आणि तिसऱ्यांदा आमरस घेतला.

अनिलचं औद्योगिक भागात गाड्यांच्या सीटांना चामडं चढवायचं वर्कशॉप आहे. शुक्रवारी आम्ही तिथे गेलो. मीही गेले, कारण अनिलला नाही म्हणता येत नाही. तय्यब हा त्याचा सर्वांत जुना कारागीर. त्यानं तो नमुना रुमालात धरून मापं घेतली, मेलेला उंदीर उचलावा तसा.

आणि मग सूर्यकांतरावांच्या फर्माइशी सुरू झाल्या. अहाहा! लग्नात शालू निवडताना अर्चनानं एवढे नखरे केले नव्हते. चामड्याची खरबरीत बाजू बाहेर हवी, म्हणजे खिशाच्या कापडाला धरून राहील आणि रिव्हॉल्व्हर ओढलं की नुसतं रिव्हॉल्व्हर हातात येईल, घर आतच राहील. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, चुकून बोट जायला नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या अंगाला एक सपाट पट्टी हवी. "आकार दिसता कामा नये," ते म्हणाले. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, पाकीट आहे."

तय्यबनं विचारलं, "साहब, आपको किससे खतरा है?"

"खतरा हो या न हो, मर्द के पास रहना चाहिए."

तय्यब खाली वाकून चामडं कापत राहिला. मी त्यांना तिथेच टोकलं नाही, त्याची मला आजही लाज वाटते.

तय्यबनं तीन घरं शिवून दिली. मग आमच्या हॉलमध्ये चार दिवस तालीम चालली. सोफ्यावर बसून, उभं राहून, दारातून आत येत. हात खिशात, झटकन बाहेर. पहिलं घर रिव्हॉल्व्हरबरोबरच बाहेर आलं, म्हणून बाद. दुसऱ्याचा फुगवटा दिसला, तेही बाद. तिसरं जमलं. स्वारी आरशासमोर वळून वळून मांडी बघत होती. शी! पन्नाशीचा माणूस, पण चाळे बघा.

माझी ईशानी चौदा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की इंग्लिश. ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, मावशी इज स्केअर्ड ऑफ हिज पॉकेट."

"काहीतरीच काय?"

"वॉच हर."

मी पाहिलं. त्यांचा हात नुसता किल्ल्यांसाठी खिशाकडे गेला तरी अर्चनाचे खांदे वर चढत होते.

वाणाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी अनारसे तळत होतो. तेहतीस हवेत, म्हणून ती मोजत होती. बाविसाव्याला मी विचारलं, "अर्चू, ते तुझ्यावर रोखतात का गं?"

"रोखत नाहीत," ती म्हणाली. "नुसतं जवळ ठेवतात. भाजी अळणी झाली की ताटाशेजारी. माहेरी फोन केला की फोनशेजारी. म्हणतात, मी कुठे काय केलंय?"

मी झारा खाली ठेवला. त्या दिवशी वरणाशेजारी ठेवलं ते काय होतं, हे मला आत्ता कळत होतं. "उद्या वाण नाही आणि काही नाही. चुलीत गेला तो मान!"

"नको ताई! तू नाही म्हणालीस तर तिकडे गेल्यावर त्याचं उट्टं माझ्यावर काढतील." तिनं तेविसावा अनारसा तुपात सोडला. "आजवर सदऱ्याचा खिसा ओघळलेला दिसायचा. दिसला की मला कळायचं, आज गप्प बसायचं. आता तेही कळणार नाही. रोजच गप्प बसावं लागेल."

मी गॅस बंद केला आणि तिला जवळ घेतलं. मला त्या माणसाची किळस आली, आणि चार दिवस त्याला सरबतं करून देणाऱ्या माझी त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सूर्यकांतराव पाटावर बसले. मी दात-ओठ खात त्यांना ओवाळलं. ताम्हनात तेहतीस अनारसे, वर दिवा आणि बाजूला ते तिसरं घर. त्यांनी पहिल्यांदा घरच उचललं, बोटानं पट्टी चाचपली आणि पाटाजवळ ठेवून अनारसा तोंडात टाकला.

"आता अर्चना तुझी ओटी भरेल," अनिल मला म्हणाला. अधिकात लेक आईची ओटी भरते. आई नाही, म्हणून माझी. मी पदर पसरला. अर्चनानं तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला. मग ती वाकली, पाटाजवळचं ते चामड्याचं घर उचललं आणि माझ्या ओटीत टाकलं.

"अगं ए! वाण परत करतात का?" सूर्यकांतरावांच्या तोंडातून अनारशाचे कण उडाले.

"वाण परत करत नाहीत," मी म्हटलं, "आणि ओटीतलं परत काढत नाहीत. आता बसा विचार करत."

त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. या वेळी अर्चनाचे खांदे हलले नाहीत. ती माझ्याकडेच बघत होती.

"ताई, त्यांचं घर तुझ्या ओटीत घातलं," ती म्हणाली. "मला आता त्या घरी जायचं नाही."

मी पदराला गाठ मारली. अनिलनं टेबलाचा खण उघडला, पाहुण्यांच्या दोन पासपोर्टांपैकी सूर्यकांतरावांचा तेवढा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि खण पुन्हा लावून घेतला.