कुजबुजणारं घर

बास्केटबॉलच्या सरावात मी खांबावर आदळले. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला किरकोळ मार आहे. उजेड, गोंगाट, मोबाइल, अभ्यास सध्या बंद. मग हळूहळू." किरकोळ! हात मोडला असता तर सगळ्या वर्गानं प्लास्टरवर सह्या केल्या असत्या. माझं डोकं बाहेरून ठणठणीत, म्हणून मैत्रिणींना वाटतं, बाईसाहेब परीक्षा चुकवून मजेत लोळतायत. लोळून बघा म्हणावं एकदा. अर्धं पान वाचलं की अक्षरं पोहायला लागतात, आणि समोरच्या चमच्याला काय म्हणतात ते आठवत नाही.

या सगळ्याहून मला छळत होती ती घरातली शांतता. माझी आई शिवणकाम करते. तिचं मशीन सुरू झालं की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि त्याच्याही वर तिचा आवाज. ती मला जेवायला हाक मारायची तेव्हा शेजारची मुलंसुद्धा हात धुवायची. आता मशीनवर चादर पडली होती. आई खिडकीशी बसून सगळं हातानं शिवायची आणि माझ्याशी कानगोष्टी केल्यासारखं बोलायची. धाकटा भाऊ म्हणजे आमचा भोंगा, तोही मोजे घालून मांजराच्या पावलांनी फिरायचा. सगळे इतके गोड वागत होते की मी पाहुणी आलेय असं वाटायचं.

मला बोलणी खायची होती. पूर्वीसारखी, पोटभर. म्हणून ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकला. आईनं गुपचूप उचलला. ताटात अर्धं जेवण टाकलं, तर तिनं पाठीवरून हात फिरवला. हद्द झाली!

त्या दुपारी मात्र मी मुद्दाम काही केलं नव्हतं. उठताना घेरी आली आणि हातातला कोमट चहा आईच्या मांडीवरच्या पांढऱ्या झग्यावर उपडा झाला. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. आईनं मोठा श्वास घेतला. गळ्याच्या शिरा फुगल्या. मी कानात प्राण आणून उभी राहिले.

तिनं ते सगळं गिळलं. "तुला लागलं नाही ना गं?" ती कुजबुजली.

मला रडूच फुटलं. "ओरड ना गं आई! अशी नको वागूस."

"डोकं दुखेल तुझं."

"दुखू दे."

"नको, ढमे. आधी बरी हो. मग व्याजासकट ओरडेन."

ती झगा घेऊन न्हाणीघरात गेली. दार लावलं, नळ मोठा सोडला. आणि मग आतून, पाण्याच्या आवाजातून, तो ओळखीचा आवाज आला. "घोडी झाली तरी एक कप धरता येत नाही! अगदी बापाच्या वळणावर गेलीय! आणि उठायचं कशाला एकटीनं? मला हाक मारायला काय झालं होतं? पुन्हा पडली असती तर..." नुसता नळ वाहत राहिला. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि पुन्हा, "तो ओला टॉवेल! मला काय दिसत नाही वाटतं?"

भोंगा मोज्यांत घसरत धावत आला. "ताई, आई ओरडतेय," तो घाबरून कुजबुजला.

माझं डोकं ठणकत होतं. मी दाराला कान लावून उभी होते.

"गप," मी म्हटलं. "ऐकू दे."