वगळलेले दोन बीम

लिडियाने आयुष्यात हजारदा तरी 'ओके' दाबलं असेल. त्यातला एकच अंगाशी आला, पण असा आला की बस्स.

नवापूरला भटूभाऊंच्या ऑफिसात ती इमारतींचे नकाशे काढायची. डिप्लोमा झालेली, तिच्या डोंगरपाड्यातली पहिलीच. भटूभाऊ माणूस चांगला, पण महाकंजूष. ऑफिसातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर आठ वर्षांपूर्वीचं, आणि ते बदलायचं नाव काढलं की म्हणायचे, "चाली ऱ्हायनं ना? मंग कसाले बदलनं?" त्यामुळे बाहेरून नव्या आवृत्तीतली फाईल आली की ती उघडायची नाही. मग फोन लावायचा, गयावया करायची, "जुन्यात उतरवून पाठवा हो." उतरवताना वाटेत काय काय सांडतं, हे कोण बघतो! फाईल उघडली ना? झालं तर मग.

पाड्यावर प्रार्थनेसाठी सभागृह बांधायचं ठरलं, तेव्हा लिडियाने सुरतेत नोकरी करणाऱ्या मयूरीला गळ घातली. मयूरी कॉलेजातली मैत्रीण, हुशार पोरगी. तिने एक पैसा न घेता सगळं डिझाइन करून दिलं. वीस फुटी खोली, मध्ये एकही खांब नाही. फाईल अर्थातच नव्या आवृत्तीत. लिडियाने ती जुन्यात उतरवून मागवली. उघडताना पडद्यावर चौकट आली, की यातले काही घटक या आवृत्तीला ओळखता आले नाहीत, ते वगळले आहेत. लिडियाने ती वाचली आणि 'ओके' दाबलं. कॉलम दिसत होते, भिंती दिसत होत्या, दारं-खिडक्या जागच्या जागी होत्या. मोजमापं मयूरीची, आपण फक्त छापायचं, असं तिला वाटलं.

आणि घाई तर इतकी की विचारू नका. नोव्हेंबर अर्धा सरला होता. सोमवारी ऊसतोडीचा ट्रक येणार, अर्धा पाडा बारडोलीकडे निघून जाणार. शनिवारी स्लॅब टाकला नाही, तर घमेली उचलायला हात कुठून आणायचे? इथे घर कुणाचंही असो, स्लॅबच्या दिवशी सगळे येतात, मजुरी कुणी मागत नाही. त्या शनिवारीही आले. लिडियाचे वडील दलपत मिस्त्री यांनी सळ्या बांधून घेतल्या, आई सोमीबाईने दीडशे माणसांचा भात रांधला, आणि दिवस मावळायच्या आत स्लॅब टाकून झाला. लिडिया त्या दिवशी नुसती फुलून गेली होती.

डिसेंबरात भटूभाऊंचा कॉम्प्युटर एकदाचा मेला. नवा आला, त्याबरोबर नवं सॉफ्टवेअरही आलं. दुपारी हात रिकामा होता, म्हणून लिडियाने सहज मयूरीची मूळ फाईल उघडली, जशी आली होती तशी. सभागृहाच्या छतावर दोन आडवे बीम होते. तिने छापलेला नकाशा शेजारी ठेवून पाहिला; त्यात ते नव्हतेच. मग तिने मयूरीला फोन लावला.

"हे बीम कधी टाकलेस गं?"

"कधी म्हणजे? पहिल्यापासून आहेत. खालून छत सपाट हवं असं तूच म्हणालीस, म्हणून स्लॅबच्या वर घेतले." मग मयूरी थबकली. "लिडिया, स्लॅबखालचे टेकू काढलेत का?"

लिडियाने लगेच वडिलांना फोन लावला. पाड्यावर फोनला रेंज नाही, तो लागेना. तिने भटूभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "कोनले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "तुन्हंच नाव खराब हुई. टेकू ऱ्हाऊ द्या म्हना, पुढे देखूत." त्यांना तिची काळजीच होती, हे तिला कळत होतं. पाड्याकडच्या जीपमध्ये बसल्यावरही तेच शब्द तिच्या डोक्यात घोळत होते. नाही सांगितलं तर? पहिली शिकलेली पोर, म्हणून पाडा अजून तिच्याकडे मान वर करून बघत होता.

ती पोचली तेव्हा नाताळला दोन दिवस होते. ऊसतोडीला गेलेले सुट्टी काढून परतले होते आणि सभागृहापुढे चांगलाच आवाज चढला होता. लिडियाचा भाऊ जोएल घण घेऊन उभा, आणि दलपत दारात आडवे.

"महिना उलटला, आबा!" जोएल म्हणत होता. "स्लॅब ओला, स्लॅब ओला! पापडसुद्धा कोणी एवढा वाळवत नाही. आम्ही काय टेकूंच्या रानात प्रार्थना करायची?"

लोक हसले. लिडिया गर्दीतून पुढे गेली.

"कोणी टेकूला हात लावू नका," ती म्हणाली. "छतात दोन बीम हवे होते. माझ्या नकाशात ते आलेच नाहीत. टेकू काढले तर हे खाली येईल."

हसू विझलं. जोएलने घण खाली ठेवला.

"कॉम्प्युटरने चूक केली?" त्याने विचारलं.

"नाही. कॉम्प्युटरने सांगितलं होतं, काहीतरी वगळलंय म्हणून. मी वाचलं आणि पुढे गेले. चूक माझी."

ज्यांनी घमेली वाहिली होती, ती माणसं वर छताकडे बघत राहिली. कोणी शिवी दिली असती तर लिडियाला बरं वाटलं असतं.

"मला ठाऊक होतं," दलपत म्हणाले.

सगळे वळले.

"तीस वर्षं सुरतेत स्लॅब टाकले मी. वीस फुटांचं मोकळं छत बीमशिवाय राहत नाही, हे काय मला कळत नाही? पण कागद माझ्या पोरीचा होता. चारचौघांत विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, बापाचाच पोरीवर भरवसा नाही. म्हणून गप्प बसलो. आणि महिनाभर हे टेकू राखत बसलो."

"आबा, मला एकटीला तरी विचारायचं होतं!" लिडिया ओरडली. तिला संताप आला होता आणि रडूही. "लोक चिरडले असते, आणि तुम्ही माझी लाज राखत होता?"

"हो," दलपत म्हणाले. "तेच चुकलं माझं."

त्यांनी जोएलचा घण उचलला आणि शिडीपाशी नेऊन ठेवला, आता वरचा स्लॅबच फोडायचा म्हणून.

नाताळची प्रार्थना उघड्या अंगणात झाली. दुसऱ्या दिवशी मयूरी आली, तिने बीमच्या जागा दाखवल्या, आणि स्लॅबचा मधला भाग फुटू लागला. महिन्यापूर्वी ज्यांनी तो टाकला, त्यांनीच तो फोडला. त्यांना ऊसतोडीवर परत नेणारा ट्रक दोन दिवस थांबवला होता. लिडियाच्या तळहातांना फोड आले, तरी ती खाली उतरली नाही.

नवा नकाशा तिने सळ्यांच्या गठ्ठ्यावर पसरला, तेव्हा सगळा पाडा भोवती उभा होता. दलपतांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत एका जागी बोट ठेवलं.

"इथे सळ्या किती?"

"सहा."

"सहाच का?"

लिडियाने मयूरीच्या हिशोबाचा कागद काढला आणि त्यात शोधू लागली. दलपत बोट न उचलता वाट बघत राहिले.