मीठ उतरलं

सुभद्रेने शहाळ्याच्या पाण्याचा चमचा महादूच्या ओठांना लावला, तोच डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला.

“थांबा, आजी. रिपोर्ट आलाय. आजोबांचं मीठ फार उतरलंय.”

“होय तर! मियाच उतरलंय काल तिन्हीसांजेक. सात मिरच्यो नि मूठभर मीठ. दिष्टच लागली ह्यांका, दुसरा काय!”

शेजारच्या खाटेजवळची बाई तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर हसल्या नाहीत. वयाने लहान आणि घाटावरच्या, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता.

“रक्तातलं मीठ, आजी. न्यूमोनियात कधी कधी शरीर पाणी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. त्यात आपण पाणी पाजत राहिलो की मीठ आणखी पातळ होतं. मग माणूस बरळतो, झटके येतात. जिवावरही बेततं.”

महादूने शिरोड्याच्या मिठागरात चाळीस वर्षं काढली होती. मिठाच्या वाफ्यात पावसाचं पाणी शिरलं की काय होतं, हे सुभद्रेला कुणी शिकवायला नको होतं. तिने हातातला चमचा खाली ठेवला. सकाळी त्याला दवाखान्यात आणेपर्यंत चार दिवस ती पाणीच पाजत होती. काढा, अळणी पेज, शहाळी. तो बरळायला लागला तसा तिने हात आणखी सैल सोडला. दुखणाईताला तहानेलं ठेवायचं पाप तिच्या हातून झालं नसतं.

“म्हणजे मियाच ह्यांका...”

“तुम्हाला माहीत नव्हतं. आता सलाईनमधून मीठ देतोय. पाणी मात्र दिवसाला एवढंच.” डॉक्टरांनी भरलेली एक बाटली तिच्या हातात दिली. “याच्यावर घोटभरही नाही.”

सुभद्रा ती बाटली मांडीवर घेऊन राखणीला बसली. सिस्टर रोज सकाळी ती भरून द्यायची. महादूचे ओठ फुटले.

“आये, पाणी दी गो,” तो तिला म्हणायचा.

एरवी बायकोला आई म्हणणाऱ्या नवऱ्याची तिने चारचौघांत फिरकी घेतली असती. आता ती ओला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवायची आणि तोंड वळवून रडायची.

मीठ चढू लागलंय, असं डॉक्टर म्हणाल्या. छाती मात्र सुधारेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महादूला घरघर लागली. मुलगा निलेश धावत जाऊन तुळशीचं पान घेऊन आला.

“आये, पाणी घाल बाबांच्या तोंडात.”

सुभद्रेने चमचा भरला, पान त्यावर ठेवलं. ओठांपाशी नेऊन तिचा हात थबकला. तिने खाटेशी उभ्या डॉक्टरांकडे पाहिलं.

“एवढा चलात मां?”

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. त्यांची नजर सुभद्रेच्या मांडीवर गेली. सकाळी भरून दिलेली बाटली अजून अर्धीसुद्धा संपली नव्हती.