घाई नाही, सवडीने

बुचाचा गोळा टेबलावर तसाच पडून होता. किल्ली कालव्यात पडली तर बुडू नये म्हणून होडीवाले लावतात तसला, लहानशा सफरचंदाएवढा... आणि त्याला लोंबणारी पितळी किल्ली. बर्नार्डने तिला अजून हात लावला नव्हता. हात लावला की ताबा घेतला! चाळीस वर्षं वकिलाच्या कचेरीत लोकांचे करार लिहिण्यात गेलेली. त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. त्यांची राहती होडी बांधणाऱ्या क्लाइव्हने ती सकाळी इतकी सहज ठेवली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

“घ्या, ओक्स साहेब, तुमचं घर दारात तरंगतंय. वहिनींना चक्कर मारून आणा. आत चहाची सोय केलीय, दुधासकट.”

दुधासकट! म्हणजे म्युरिएलने आत जाऊन कपभर चहा केला, बिछान्यावर पाठ टेकली, की होडी आम्ही स्वीकारली. मग करार मोडायचा हक्क गेला, उरली नुसती नुकसानभरपाई. लबाड! तीस एप्रिल हा कराराचा प्राण आहे, तारीख चुकली तर करार मोडता येईल, हे कलम बर्नार्डने स्वतः घातलं होतं – कारण शस्त्रक्रियेनंतर म्युरिएल म्हणाली होती, “येता मे मला पाण्यावर काढायचाय. त्याच्या पुढच्याचं कुणी सांगावं?” मे गेला, जून गेला, आता सप्टेंबर, जिना चढताना ती मध्येच बसते. आणि हा गृहस्थ दूध घेऊन येतो.

वर तोंड करून म्हणतो, “अहो, तुम्हीच तर लिहिलंत!” फोनमधला माझ्या पत्राचा फोटो काढून दाखवला. पत्र मेच्या दोन तारखेचं. *घाई मुळीच नाही, तुमच्या सवडीने होऊ द्या.*

पण ते काय पत्र होतं? ती रीत झाली. इथे कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी माफी आपणच आधी मागतो. म्हणून काय पाय त्याला देऊन टाकला? न्यायाधीशाला मात्र हे पटायला हवं... तो म्हणेल, तारीख तुम्हीच सोडून दिलीत.

“झालं का तुझं कोर्ट?” दारात म्युरिएल. अंगात जाड कोट, डोक्याला निळा रुमाल. “चल ना.”

“किल्लीला हात लावू नकोस. तो आपल्याला गुंडाळतोय.”

“क्लाइव्ह? त्या बापड्याला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही.” ती हसली, मग हसू तिथेच थांबलं. “बर्नार्ड, दूध दहा मिनिटं उशिरा आलं तर तू दूधवाल्याला चिठ्ठी लिहितोस. मग याला का रे लिहिलंस, घाई नाही म्हणून?”

“सभ्यपणा.”

“हं,” ती म्हणाली, आणि किल्ली उचलून गेली.

त्याने तिला अडवलं नाही. करार पाळला असता तर तुम्ही जिथे असता तिथे कायदा तुम्हाला नेऊन ठेवतो, पैशाने का होईना – हे त्याने किती पक्षकारांना सांगितलं असेल. मी कुठे असतो? मे महिन्यात, सहा फूट रुंदीच्या खोलीत, तिच्या श्वासाशेजारी. उठून जायला कचेरी नाही, वरचा मजला नाही... आणि ती बोलली असती. आजाराचं, मरणाचं, सगळं बोलली असती. दोन मेच्या संध्याकाळी ते पत्र टपालपेटीत टाकून परतताना मी शीळ घालत होतो. हो, घालत होतो! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का? इतके महिने मी क्लाइव्हवर नजर ठेवून बसलो...

बाहेर कालव्यावरून किटलीची शिट्टी आली. म्हणजे तिने स्वीकारलं. तो कोट शोधू लागला. एक बाही सापडली, दुसरी सापडेना, आणि आपण तिला थांबवायला निघालोय की तिच्याशेजारी बसायला, हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.