कागदावरचे चार थेंब

कल्याणीताईंच्या साठ वर्षांच्या फियाटचं ऑइल बदलणं हा तीस वर्षं रामदास मेस्त्रीचा हक्क. आज ताईंनी गाडी ब्रेकसाठी आणली. सवयीने त्याने ऑइलची पट्टी ओढली, तर ऑइल मधासारखं नवंकोरं!

"कुणी बदललं?"

"नाक्यावरच्या नव्या गॅरेजवाल्या चेतनने. काल घरी येऊन करून गेला. हात चांगलाय त्याचा."

रामदासच्या अंगाचा तिळपापड झाला. "इतकं पातळ? म्हाताऱ्या इंजिनातून गळणार हे, बघाच!" त्याने गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं.

संध्याकाळी वाकून पाहिलं, तर कागद कोरडा ठणठणीत. तेवढ्यात ताई फाटकात दिसल्या. त्याने घाईघाईने जळक्या ऑइलच्या डब्यात बोट बुडवून कागदावर चार थेंब पाडले.

ताईंनी वाकून थेंब पाहिले.

"मेस्त्री, माझ्या गाडीत ऑइल कालचं आहे. हे काळं कुणाचं?"