वांगी रंगाची तार

त्याचं खरं नाव त्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट, त्यानं कुणाला शॉक लागत नाही. तरी कामाच्या पहिल्याच दिवशी तारेला हात लागताच तो ओरडून मागे सरला. काकांनी त्याला ‘झटक्या’ म्हटलं, ते कायमचं चिकटलं. काका म्हणजे कुणी सख्खे काका नव्हेत. गाड्यांचं वायरिंग तो त्यांच्याकडे शिकला आणि मग चार दुकानं सोडून त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. आता झटक्या पंचेचाळिशीचा होता आणि सत्तरी ओलांडलेले काका जाड भिंगाच्या चष्म्याआडून काम करत.

एका सकाळी नर्सबाई गाडी घेऊन आल्या. आईला घेऊन घरी जाताना भर चौकात डावीकडे वळल्या आणि इंजिन गपकन बंद पडलं. मागच्या ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

“आई तेव्हापासून गाडीत बसायला तयार नाही,” बाई म्हणाल्या.

झटक्यानं स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि उताणा पडून आत टॉर्च मारला. कंपनीच्या तारा मधूनच कापलेल्या, सोलून एकमेकींना नुसता पीळ दिलेला, वर साधी चिकटपट्टी. उन्हानं पट्टीचा डिंक वितळून ती सरकली होती आणि तांबं उघडं पडलं होतं. एका ठिकाणी जाड तारेला केसासारखी बारीक तार जोडलेली.

“हे माणसाचं काम आहे का?” तो आतूनच ओरडला. “कुणा गाढवानं केलंय हे?”

“मी गाडी जुनी घेतलीय. आधीच्या मालकानं अलार्म याच रस्त्यावर बसवून घेतला होता म्हणे.”

या रस्त्यावर वायरिंग करणारे दोघंच. फ्यूज द्यायला आलेला पार्टवाला हातात चहाचा कप धरून उभा होता. तोही झटक्याकडे बघायला लागला, बाईही.

“मग काकांचं असणार,” झटक्या बोलून गेला. “दिसत नाही हो त्यांना आता. वय झालं.”

म्हाताऱ्याची कीव करावी तशा सुरात तो बोलला. बाईंनी मान हलवली. पार्टवाल्यानं चहा संपवला आणि तो निघून गेला.

दुपारी झटक्यानं तारांचा सगळा जुडगा बाहेर ओढला. एक पट्टी सोलली तर आतून तारेचा तुकडा निघाला. वांगी रंगाचा, वर पांढरी रेघ. त्याचे हात थांबले. बंद पडलेल्या एका रेडिओ कारखान्यातून असं एक बंडल त्यानंच कधीकाळी आणलं होतं. रस्त्यावर दुसऱ्या कुणाकडे ती तार नव्हती. काका तर थट्टा करायचे, “गाडीत भाजी लावतोस का रे?” उरलेलं बंडल अजून त्याच्याच भिंतीवर खिळ्याला लटकत होतं.

मग सगळं आठवलं. त्या दिवशी मॅच होती. गिऱ्हाइकाला घाई होती आणि त्याला तर त्याहून जास्त. सोल्डरिंग आयर्न तापायलाही तो थांबला नव्हता. “तात्पुरतं करून देतो, पुढच्या आठवड्यात या, पक्कं करू,” असं म्हणून त्यानं शटर ओढलं. तो माणूस परत आला नाही आणि यानंही त्याला कधी फोन केला नाही.

गॅरेजमध्ये कुणी नव्हतं, तरी त्यानं मागे वळून पाहिलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यानं वांगी तुकडे गोळा केले आणि भंगाराच्या डब्यात अगदी तळाशी कोंबले. भिंतीवरचं बंडलही काढून वर टाकलं.

मग तो असा कामाला लागला, की जणू कुणी पाठीशी उभं राहून बघतंय. एकेक पीळ सोडवला, काळवंडलेलं तांबं कापून टाकलं, त्याच रंगाची, त्याच जाडीची तार घातली. प्रत्येक जोड सोल्डर केला, त्यावर नळी चढवून गरम हवेनं आवळली. ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.

संध्याकाळी जेवताना बायकोनं विचारलं, “तोंड का पाडून बसलायस?”

त्यानं सांगितलं. अर्धवट सांगून थांबला, तर तिनं उरलेलं काढून घेतलं.

“चूक कुणाची होत नाही?” ती म्हणाली. “पण ती म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलीस. उद्या जाऊन बोल.”

“बोलतो,” तो म्हणाला. ताटातलं मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही. काकांच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून गल्लीतून वळसा घालून आला. अकराच्या सुमारास पार्टवाला हसत आला.

“शाळेच्या व्हॅनवाल्याला सांगितलं मी. आठही व्हॅन आता तुझ्याकडे. लहान पोरं बसतात, म्हटलं, काकांच्या हातचं आता नको.”

इथं तरी तोंड उघडायचं होतं. “बरं,” एवढंच झटक्या म्हणाला. आणि स्वतःचं ते ‘बरं’ ऐकून त्याला शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई गाडी न्यायला आल्या.

“पार्टवाल्याकडून ऐकून तुमचे काका काल आमच्या दवाखान्यात आले होते,” त्या म्हणाल्या. “बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, माझ्या हातून असं झालं असेल तर माफ करा. मलाच कसंतरी झालं हो.”

“थोडं काम राहिलंय. तासाभरानं या,” झटक्या म्हणाला. काम काहीच राहिलं नव्हतं.

काका दुकानात नुसतेच बसले होते. पुढ्यातली हत्यारं पुसून ओळीनं मांडलेली.

“काका, ती गाडी तुमची नव्हती. माझी होती.”

काकांनी चष्मा काढला. “कधी कळलं तुला?”

“परवा दुपारी.”

“आणि मी दोन दिवस आठवत बसलोय,” ते म्हणाले. “गाडी आठवेना, मालक आठवेना. म्हटलं, डोळे गेले तशी आता आठवणही चालली. असेल आपलंच. अरे, शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. माझा माझ्या हातांवरचा भरवसा काढून घेतलास तू.”

झटक्या खाली वाकला, तसा काकांनी हातानंच त्याला थांबवलं. “माझ्या पाया पडून काय उपयोग? जिथं बोललास तिथं जाऊन बोल.”

तासाभरानं नर्सबाई आल्या, तेव्हा झटक्यानं पार्टवाल्यालाही बोलावून घेतलं होतं. भंगाराच्या डब्यातले तुकडे काढून त्यानं टेबलावर ठेवले.

“हे काम माझं होतं. काकांनी या गाडीला हातही लावलेला नाही. मला परवाच समजलं होतं, तरी मी गप्प बसलो.”

पार्टवाला खाली बघत राहिला. बाईंनी एक तुकडा उचलून पाहिला.

“मी त्यांना म्हटलं, असू द्या, वय झालं की होतं असं,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या तोंडावर म्हटलं मी.” त्यांनी किल्ली उचलली. “गाडी आधी त्यांना दाखवते. त्यांनी हो म्हटलं, तरच आईला बसवीन.”

चार दुकानं पलीकडे गाडी उभी राहिली. काका कसेबसे वाकून आत शिरले. झटक्या स्वतःच्या दारात उभा राहून बघत होता. शेजारपाजारचेही बघत होते. काकांनी प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं, एकेक ओढून पाहिला. बाहेर येऊन ते बाईंना म्हणाले, “काम चांगलं झालंय. खुशाल बसवा आईला.” झटक्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

व्हॅनवाल्याकडे झटक्या स्वतः गेला, सगळं सांगितलं आणि आठही व्हॅन परत काकांकडे पाठवल्या. काकांनी तीनच ठेवून घेतल्या. “तेवढंच झेपतं आता,” म्हणाले. पण कालपरवापर्यंत आठही झेपत होत्याच, हे झटक्याला माहीत होतं.

काकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं नाही. भेटले की विचारतात, फ्यूज आहेत का, अमका रिले मिळतो का. तो धावत जाऊन नेऊन देतो. ते “ठेव तिथं,” म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. पूर्वीसारखं ‘बस जरा’ म्हणत नाहीत.