भोकाची बट्टी

माझी सासू वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला नाही तर मला नावं ठेवाल. पण त्या रविवारी तिने जे केलं, ते बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं.

मी मयुरी. जळगावच्या पिंप्राळ्यात राहते आणि घरच्या घरी बेगल करते. बेगल म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव. आधी उकळत्या पाण्यात टाकायचा, मग ओव्हनमध्ये भाजायचा. आजवर घेणाऱ्या कोण, तर माझ्या दोन मैत्रिणी, त्याही माझं मन राखायला. पण त्या दिवशी दिपमाला आत्या, म्हणजे सासूबाईंची नणंद, चाखायला येणार होत्या. कॉलेजजवळ त्यांचा कॅफे आहे. आवडलं तर माझे बेगल रोज तिथे जाणार, नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागे लागलेल्या एका सँडविचवाल्याला होकार देणार.

आता नुसतं लोणी फासून दिलं तर जळगावात कोण खाणार हो? म्हणून मी आठवडाभर डोकं चालवलं. एकावर भरीत, कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. एकावर चक्क्यात कालवलेला ठेचा आणि वरून लसणाची शेव. एकावर केळ्याचे काप, किसलेला गूळ, भाजलेले तीळ. हे केळ्याचं माझ्या नवऱ्याने, हितेंद्रने, उभ्या उभ्या दोनदा खाल्लं. पण त्याचं काय घेऊन बसलात, त्याला काहीही द्या.

सकाळी बेगल उकडून फडक्यावर निथळत ठेवले आणि वांगी भाजायला गच्चीवर गेले. भरीत म्हटलं की कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावरच, गॅसवर भाजलेलं मला चालत नाही. मस्त खरपूस वांगी घेऊन खाली येते तो काय, घरभर तुपाचा वास! सासूबाई कढईसमोर उभ्या, हातात झारा. फडकं रिकामं. माझ्या बेगलचे तुकडे तुपात तळले जात होते.

"ये, बट्टी हुईच गई," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुले येळ नव्हता, म्हनीसन मीच कापी टाकी. पन भोक काबरं पाडं, ते मातर माले समजनं नहीं."

आता सांगा! आमच्याकडे बट्टी अशीच करतात. कणीक उकडायची, कापायची, तुपात तळायची. उकडलेली कणीक निथळताना दिसली, की खानदेशातल्या बाईचा हात आपोआप सुरीकडे जातो. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मात्र मी तडकले.

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? विचारायचं तरी! माझं सगळं वाटोळं केलंत!"

लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. तेवढ्यात खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. हितेंद्र आत्यांना घेऊन आला होता. मला रडूच कोसळलं.

सासूबाईंनी गॅस बंद केला. "पीठ मळ," त्या म्हणाल्या. "तिले मी पाहस."

आणि काय पाहिलं म्हणता! आत्यांना ताटावर बसवलं. वरण, वांग्याची भाजी आणि माझ्याच बेगलची बट्टी. वाटीभर तूप वर, शिवाय सगळ्या भाऊबंदांच्या सोयरिकींच्या गप्पा. आत्या हात आडवा धरायच्या, की सासूबाई बोटांच्या फटीतून बट्टी घालायच्या. इकडे माझं पीठ फुगायचं नाव घेईना. यीस्टला कुठे घाई कळते?

शेवटी बेगल भाजून झाले. मी ताट सजवून बाहेर नेलं. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मयुरी, दिसतंय छान गं. पण आता पाण्याचा घोटही जाणार नाही मला."

"अर्धाच घ्या ना, आत्या."

"नको गं बाई! राहू दे आता."

झालं! सँडविचवाला जिंकला. मी ताट उचलणार, तेवढ्यात सासूबाईंनी भरताचा बेगल उचलला. इतके महिने मी मागे लागायचे, पण त्यांनी एकही तोंडात घातला नव्हता. त्यांनी मोठा घास घेतला. सावकाश चावला. हितेंद्रही श्वास रोखून बघत होता.

"मीठ कमी शे," त्या म्हणाल्या.

आणि आत्या खदाखदा हसायला लागल्या.

"फक्त मीठ? वहिनी, दिवाळीला माझ्या शंकरपाळ्या तू कुत्र्यालाही घालू नकोस म्हणालीस. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातल्या आचाऱ्याला रडवलंस. आणि इथे फक्त मीठ?"

भरताचा बेगल संपवून सासूबाईंनी ठेच्याच्या बेगलला हात घातला होता.

"मयुरी," आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "उद्या सोमवारपासूनच पाठव. मला चाखायची गरजच नाही."

त्यांना सोडायला हितेंद्र गेला, आणि मी सासूबाईंना पीठ लागलेल्या हातांनीच मिठी मारली. "आई, मी फार बोलले हो तुम्हाला."

"बोलनी ते बरं झायं," त्या म्हणाल्या. बोटाला लागलेला ठेचा चाटत होत्या. "माले वाटे, तुले नुसता शौक शे. तू माले इतकी तापीसन बोलनी ना, तवय माले समजनं, हाई तुनं काम शे."